चार सूत आणि बारा एमएम

जालन्यात सळईच्या कुठल्याही दुकानात जाऊन विचारा, चार सूत म्हणजे किती? गल्ल्यावरचा माणूस मान वर न करता सांगेल, बारा एमएम. गवंडी तेच सांगेल, मिलच्या काट्यावरचा हमालही तेच सांगेल. दहा म्हणजे तीन सूत, बारा म्हणजे चार, सोळा म्हणजे पाच. या गावातली पोरं हे पाढ्यासारखं ऐकत मोठी होतात. खरं पाहिलं तर इंचाचे सूत आठ. त्यातले चार म्हणजे अर्धा इंच, आणि अर्धा इंच बारा एमएमपेक्षा जरा जाड भरतो. किती जाड, तर दोन-तीन पोस्टकार्डं एकावर एक ठेवावीत तेवढा. सळईत एवढं कोण बघत बसतो! एकदा सिमेंटात गाडली, की चार सूत काय नि बारा काय, स्लॅब दोन्हीवर उभा राहतो.

पण गोपिकाबाईचा धंदा सळईचा नव्हता. तिचा धंदा बोल्टांचा.

ती मूळची अंबडकडची, धनगराच्या घरची. माहेरी मेंढरं, सासरीही मेंढरं. पुढं चराईची रानं पाटाच्या पाण्याखाली आणि उसाखाली गेली, कळप चार भावांत वाटला आणि प्रत्येकाच्या वाट्याला आलेला तुकडा एकेका उन्हाळ्यात विकून संपला. एक्याऐंशी साली तिचा नवरा बिरू जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिलवर लागला. काम चिमटेवाल्याचं. लालभडक सळई साच्यातून सळसळत बाहेर आली, की तिला चिमट्यात धरायचं आणि दुसऱ्या साच्याच्या तोंडात द्यायचं. गोपिकाबाई मिलच्या मागच्या भंगाराच्या यार्डात बोल्ट वेचायला बसली.

भट्टीत जाणारं भंगार कुठून कुठून यायचं. मोडक्या मोटारी, पवनचक्क्या, बंद पडलेल्या जिनिंगची यंत्रं, कापलेली जहाजं. त्यात साबूत बोल्ट असले, तर ते वितळवण्यापेक्षा गॅरेजवाल्यांना दिलेले बरे, म्हणून दहा-बारा बाया उकिडव्या बसून ते वेगळे काढत. बाकीच्या बाया लहान-मोठे एवढंच करत. गोपिकाबाईला आटे, म्हणजे बोल्टाच्या अंगावरचे वेढे, कळत. आकडा वाचता येत नव्हता, बोल्टाच्या डोक्यावरचे आठ आणि शून्य तिला नुसतेच वेटोळे. पण दीडशे मेंढरांतलं एक चुकलं तर ते न मोजता ओळखणाऱ्या घरातली ती. बोल्ट हातात आला, की अंगठ्याचं नख आट्यांवरून खाली ओढायची आणि बाजूच्या तारेत तो ओवून टाकायची. इंचाचे वेगळ्या तारेत, एमएमचे वेगळ्या तारेत, त्यातही बारीक आट्याचे आणि मोठ्या आट्याचे वेगळे. मुकादम साहेबरावानं सुरुवातीला दोनदा पट्टीनं तपासून पाहिलं, मग नाद सोडला. अंबडचे, परतूरचे मिस्त्रीसुद्धा जुन्या गाडीचा बोल्ट मिळेना झाला, की यार्डाच्या फाटकाशी येऊन "अक्का हायत का?" असं विचारू लागले.

तिचा एक शिरस्ता होता. जुना बोल्ट दाखव, मगच नवा मिळेल. नुसतं तोंडी माप सांगणाऱ्याला ती परत पाठवायची. म्हणायची, "तोंडानं समदे सारखेच सांगत्यात. लोखंड हातात दे."

अठ्ठ्याऐंशीच्या भादव्यात हा शिरस्ता तिनं एकदाच मोडला.

ते दिवस क्रॉसिंगचे होते. जालन्याच्या आसपासच्या गावांत कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट असायचे. संध्याकाळी कळ्या सोलून ठेवायच्या आणि सकाळी दुसऱ्या जातीच्या फुलाचा पराग त्यांना लावायचा. हे काम हातानं, एकेका फुलाचं. सकाळचे नऊ ते अकरा हुकले, की आदल्या दिवशीची मेहनत झाडावरच सुकून जायची. गोपिकाबाईची पोरगी बेबीनंदा, सतरा वर्षांची, राजूरच्या अलीकडच्या एका प्लॉटवर सोळा बायांच्या टोळीत जायची. टोळी नेणारी गाडी बद्रीनाथची.

ती गाडीही एक नग होती. पन्नास-बावन्न सालची, विलायती बनावटीची व्हॅन. गोल नाक, फुगीर पोट. कधीकाळी हैदराबादकडच्या कुठल्याशा दवाखान्यात होती म्हणे; पांढऱ्या रंगाखालून लाल क्रॉस अजून पुसट दिसायचा. लोक तिला भोपळा म्हणत. तिचे सुटे भाग मिळत नव्हते, आणि तिला हात लावणारा जालन्यात एकच माणूस होता, भुजंग मिस्त्री. तो म्हणायचा, "ही म्हातारी इंचाची हाय. हिच्या अंगात एमएम घातला की ती आजारी पडती."

तर त्या दिवशी सकाळी साडेसहाला भुजंग मिस्त्री धापा टाकत यार्डात आला. मागं बेबीनंदा, डोक्याला फडकं बांधलेली, हातात भाकरीचं गाठोडं.

"अक्का, चार सुती पायजेत. बारीक आटा, दोन इंच लांब, तीन नग. जल्दी करा."

"जुना दाखव."

"जुना कुठला दाखवू? दोन मधूनच तुटले, तुकडे रातच्याला ड्रिल मारून काढले. तिसऱ्याचं मुंडकं उडून नालीत गेलं. स्टेअरिंगच्या डब्याचे हायत ना."

गोपिकाबाईचा हात थांबला. स्टेअरिंगच्या दांड्याला जो लोखंडी डबा असतो, तो चेसिसला याच तीन बोल्टांनी आवळलेला. आटे चेसिसच्या जाड कानातच पाडलेले, मागून नट नाही. डबा सुटला, की ड्रायव्हरच्या हातात नुसतं चक्र राहतं.

"माय, बाया नाक्यावर उभ्या हायत," बेबीनंदा म्हणाली. "काल संध्याकाळी चार वळी कळ्या सोलून ठेवल्या. आज न्हाई गेलो तर प्लॉटवाला दुसरी टोळी लावणार हाय. तुळजामावशी सकाळपासून शिव्या देऊन राह्यली."

तारेवर चार सुती, बारीक आट्याचा, दोन इंचाचा एकच निघाला. जुना, गंजका, पण खरा. गोपिकाबाई ढिगाकडं वळली. आदल्या दिवशी एक नवी गाडी कापून आली होती. नव्या जपानी धाटणीच्या मालवाहू गाड्या त्या काळात रस्त्यावर दिसू लागल्या होत्या, त्यातलीच एक कुठंतरी उलटलेली. तिचे बोल्ट सोन्याचं पाणी दिल्यासारखे पिवळे चकचकीत. त्यातले दोन तिनं उचलले. जाडी डोळ्याला तीच, लांबी तीच. नख ओढलं. आट्यांतलं अंतरही तेच वाटलं. पण अंगठ्याला बोल्ट कसासाच लागला. हलका, अंग चोरून बसल्यासारखा.

बिरू रात्रपाळी करून नुकताच आला होता आणि फाटकाशी चहाची बशी फुंकत होता.

"बाराचा दिसतोय," तो म्हणाला. "दे की मंग. चार सूत म्हंजी बाराच."

"ही सळई न्हाई."

"लोखंडच हाय ना? का तुझं लोखंड माहेराहून आलंय?"

भुजंग मिस्त्री हसला. बेबीनंदाही हसली. "सात वर्सं चार सूत चिमट्यात धरून राह्यलो," बिरू बशीत बघत म्हणाला, "आन मला सांगती."

गोपिकाबाईनं कमरेच्या पिशवीतून तिचा पडताळ्याचा नट काढला, चार सुती, बारीक आट्याचा. त्यात पिवळा बोल्ट लावून बोटानं फिरवला. सर्रकन शेवटपर्यंत गेला. जुना बोल्ट जाताना कुरकुर करतो, गंज झाडतो, मध्येच अडून बघतो. हा लोण्यात बोट जावं तसा गेला. तिला वाटलं, नवा आहे म्हणून जात असेल. भुजंगनं पाना लावून पाहिला. पानाही तोच बसला.

"झालं की, अक्का. बराबर हाय."

"मिस्त्री, जुना बघितल्याबिगर म्या..."

"माय, देतीस का न्हाई?" बेबीनंदा म्हणाली.

तिनं दिले. एक गंजका, दोन पिवळे. पाऊण तासानं भोपळा राजूरच्या रस्त्याला लागल्याचं तिनं यार्डातून ऐकलं. त्या गाडीचा आवाज लांबूनच कळायचा, खोकल्यासारखा.

दुपारी दोनच्या सुमाराला ती त्याच ढिगापाशी बसली होती. हाताला एक पिवळा नट लागला, त्याच जपानी गाडीचा. सहज चाळा म्हणून तिनं त्यात एक पिवळा बोल्ट फिरवला. दोन आट्यांतच तिचा हात मंदावला. बोल्ट जात होता, पण धरून जात होता. हलवून पाहिला, तसूभर हलेना. तिनं तो काढला आणि आपल्या पडताळ्याच्या नटात घातला. सर्रकन गेला. मग बोल्टाचा शेंडा धरून हलवला. लुकलुक हलला. दुधाचा दात हलतो तसा.

तिनं ढीग उपसायला सुरुवात केली. तळाशी एक जुना इंची सापडला, चार सुती, बारीक आट्याचा. तो पिवळ्या नटात घालायला गेली, तर तोंडालाच अडला, एक आटाही आत जाईना. दोन्ही एकच असते, तर दोन्हीकडून गेले असते. पिवळा इंची नटात जात होता, इंची पिवळ्या नटात जात नव्हता. म्हणजे सकाळी जो लोण्यासारखा गेला, तो बसलाच नव्हता. नुसता टेकला होता, आट्यांच्या टोकाटोकांवर.

 मग तिला दिसली ती गाडी, आणि गाडीत पाठीला पाठ लावून बसलेल्या सोळा बाया, आणि त्यातली एक डोक्याला फडकं बांधलेली.

एक खरा बोल्ट हातात होता. दुसरा हवा होता. यार्डातल्या हातगाडीच्या आसाला एक चार सुती बारीक आट्याचा आहे, हे तिला ठाऊक होतं. तिनं पाना घेतला आणि हातगाडी उलटी केली.

"अगं, गाडी काऊन मोडून राह्यली?" साहेबराव ओरडला.

"मागून सांगते."

"मागून? माल काय तुझ्या डोक्यावर वाहू?"

 बोल्ट निघाला तसा पदरात बांधून ती भुजंगच्या गॅरेजला गेली. फळ्या लावलेल्या. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "मिस्त्री परतूरला गेला. जिनिंगचं इंजिन बसलंय. सांच्यापारी येतो म्हनला." मग ती तशीच राजूरच्या नाक्यावर आली आणि काळ्या-पिवळ्या जीपमध्ये, अकरा माणसांच्या वर बारावी होऊन, दाराच्या दांड्याला धरून उभी राहिली. वाटेत तिनं ठरवलं होतं, गेल्या गेल्या खरं काय ते सांगून टाकायचं. माझ्या हातून चूक झाली, उतरा.

फाट्यावर उतरून ढेकळांतून पावणेदोन मैल चालत ती प्लॉटवर पोचली, तेव्हा दिवस कलला होता. बाया बांधावर हातपाय धूत होत्या. भोपळा बाभळीखाली उभा. बद्रीनाथ टपावर फडकं मारत होता. तो जाडजूड, बोलण्यात रांगडा, पण गाडीच्या बाबतीत हळवा.

"गोपिकाबाई? तुमी इकडं कशा आल्त्या?"

बेबीनंदानं मान वर केली. बाकीच्या बायांनीही केली. आणि वाटेत ठरवलेलं गोपिकाबाईच्या तोंडातून निघेना. सात वर्षं ज्या एका गोष्टीसाठी माणसं तिला अक्का म्हणत होती, ती गोष्ट तिला पोरीसमोर, तुळजाबाईसमोर चिखलात टाकावी लागणार होती. तिच्या तोंडून दुसरंच निघालं.

"भुजंग मिस्त्रीचा निरोप हाय. दोन बोल्ट हलके बसवलेत म्हनं त्यानं. हे बदलून घे."

"हलके?" बद्रीनाथ खाली आला. "माझ्यापुढं दात खाऊन आवळलेत त्यानं. आन आता निरोप धाडतो? डोकं हाय का खोकं!" तरी तो पाना घेऊन गाडीखाली सरकला. "या, बघा. हालतो का?"

ती त्याच्या शेजारी मातीत झोपली. पिवळ्या बोल्टाचं डोकं उजेडात चमकत होतं. तिनं हातानं हलवलं. हललं नाही. बद्रीनाथनं पाना लावून जरा ताण दिला. घट्ट.

"तरी बी काढ अन् हे लाव, भाऊ."

"घट्ट बसलेला डबा रानात उघडू? मिस्त्री नसताना? उघडला आन पुन्हा बसला न्हाई, मंग ह्या सोळा जणींना तुमी खांद्यावर नेता का?"

"चालत फाट्यावर जाऊ. एस्टी येती."

यावर तुळजाबाई उठली. टोळीची मुकादमीण तीच. कंबर धरून म्हणाली, "गोपिकाबाई, तुला पायपीटीची हौस असंल तर तू कर बये. तू दिवसभर बसून बोल्ट ववतीस. आमी सकाळपासून सरीत वाकून राह्यलो. चला गं, बसा."

बाया चढू लागल्या. गोपिकाबाईनं बेबीनंदाचा दंड धरला. "बेबे, तू उतर. आपुन दोघी चालत जाऊ."

"सोड, माय. चारचौघीत तमाशा नको करू." पोरगी आत जाऊन बसली, तोंड पलीकडच्या खिडकीकडं करून.

तेव्हा गोपिकाबाई पुढं चढली. ड्रायव्हरच्या शेजारी, इंजिनाच्या झाकणाला गुडघे टेकवून. चपला काढल्या आणि अनवाणी पाय खालच्या पत्र्यावर ठेवले. त्या पत्र्याखालीच तो डबा होता.

"हळू घे," ती म्हणाली.

"हळूच चाललो. मागून बैलगाडी घंटी वाजवून राह्यली, तिला वाट देऊ का?" मागच्या बाया खळखळून हसल्या.

शेताची वाट संपून डांबरी रस्ता लागला. डांबरी म्हणायचा एवढंच. पावसाळ्यानं त्याची चाळण केली होती. मागं बायांची बडबड चालली होती, कुणाच्या तरी सुनेची नक्कल, मग हशा, मग कुणाचा तरी डोळा लागून डोकं खिडकीवर आपटलं म्हणून पुन्हा हशा. गोपिकाबाईला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. ती तळपायांनी ऐकत होती. इंजिनाची थरथर एकसारखी होती. तिच्याखाली काही वेगळं आहे का, हे ती शोधत होती आणि नसावं म्हणून देवाला हात जोडत होती. बिरोबाला, आणि ज्याच्या डोंगराला गाडी पाठ करून चालली होती त्या राजूरच्या गणपतीला.

चार-पाच किलोमीटर काहीच झालं नाही. तिला वाटायला लागलं की आपलंच चुकलं. टोकांवर का असेना, लोखंडानं लोखंड धरलंय. तुळजाबाई उद्या सगळ्या वस्तीत सांगेल, गोपिकाबाई गाडीपुढं येऊन रडली. सांगू दे.

मग एका वळणावर तळपायाला बसलं. टक्.

ते इंजिनाचं नव्हतं. पुढच्या वळणावर पुन्हा टक्, आणि मग सरळ रस्त्यावर काही नाही. चाक वळलं की डबा हलत होता.

"थांब."

"काय झालं आता?"

"बद्रीनाथ, थांब."

"उतार लागलाय, पुलाच्या पलीकडं थांबवतो."

"थांब म्हणते ना मेल्या!"

तो आवाज ऐकून मागची बडबड एकदम बंद झाली. बद्रीनाथनं ब्रेक दाबला. गाडी उजवीकडं ओढली गेली, त्यानं चक्र डावीकडं फिरवलं, आणि चक्र निम्मं फिरलं तरी गाडी वळली नाही. त्याचा चेहरा गोपिकाबाईला दिसला. एवढ्या जाडजूड माणसाचा चेहरा लेकरासारखा झाला होता. गाडी खडीत घसरत, मातीत पुढचं चाक रुतवत थांबली. पुढं चार पावलांवर नाल्याचा पूल होता, कठडा नसलेला. नाला भादव्याचा, भरलेला.

 मग एक बाई रडायला लागली आणि सगळ्या घाईघाईनं उतरल्या.

बद्रीनाथ खाली सरकला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात एक पिवळा बोल्ट होता. दुसरा वाटेत कुठंतरी पडला होता. या बोल्टाचे आटे सोलून निघाले होते, त्यांच्या टोकांना तारेच्या भुशासारखा चकचकीत चुरा चिकटला होता. सबंध डबा त्या एकट्या गंजक्या बोल्टाला लटकून आला होता.

"हे... ह्या भुजंगनं..." बद्रीनाथला शब्द सापडेनात. मग सापडले, आणि भुजंगच्या आईपासून आजीपर्यंत सगळ्या जणी त्यात आल्या. "सोळा बाया! उद्या त्याचं गॅरेज उलथं करतो. नाक्यावर उभा राहून सांगतो, ह्याच्याकडं गाडी देऊ नका. पोलिसात देतो त्याला."

"द्याच," तुळजाबाई म्हणाली.  "आन गोपिकाबाई, तू आल्ती म्हणून गं माय. तुझे पाय धरले पायजेत." ती खरंच वाकायला लागली.

गोपिकाबाई मागं सरकली. बेबीनंदा तिच्याकडं बघत होती. सकाळपासून पहिल्यांदाच नीट बघत होती, आणि त्या नजरेत जे होतं ते गोपिकाबाईला फार हवं होतं. एवढं गप्प राहिलं की झालं. भुजंगचं काय, तो रडेल, ओरडेल, म्हणेल अक्कानं दिल्ते. कोण ऐकणार त्याचं?

"भुजंगचा दोष न्हाई," ती म्हणाली. "बोल्ट म्या दिल्ते. त्यानं इंचाचे मागितले, म्या बाराचे दिले. निरोप-बिरोप काही न्हाई. म्या खोटं बोलले."

तुळजाबाई वाकलेली तशीच राहिली, मग सरळ झाली.

"म्हंजी तुला ठावं होतं?"

"दुपारी कळलं."

"आन तू निरोप हाय म्हणालीस. आमी तुझ्या तोंडावर हसलो, तरी बी खरं न्हाई सांगितलंस. खरं सांगितलं असतं तर आमी चढलो असतो का गं?"

 गोपिकाबाईनं पदराची गाठ सोडली, दोन्ही इंची बोल्ट काढले आणि गाडीखाली सरकली. चेसिसच्या कानातले आटे टोकांना खरवडले होते, पण तळाशी साबूत होते. पहिला बोल्ट कुरकुरत, अडत आत गेला. दुसरा त्याहून हट्टी. बद्रीनाथनं पाना घेतला आणि ते आवळले, पायानं जोर देऊन. मग चक्र दोन्हीकडं पुरं फिरवून पाहिलं. चाकं मुकाट वळली.

"झालं," तो बायांकडं न बघता म्हणाला. "बसा."

एकही बसली नाही.

"तिच्या हातचे हायत ना?" तुळजाबाई म्हणाली. "आमी चालत जाऊ. एस्टी गावंल तिथं हात करू."

"आता बराबर हायत ते. म्या सवता..." गोपिकाबाई म्हणाली.

"सकाळी बी बराबरच व्हते." तुळजाबाईनं डोक्यावर गाठोडं घेतलं. बाया रस्त्याला लागल्या.

बेबीनंदा जागीच उभी होती. मग आईजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "गप राह्यली असतीस तर काय बिघडलं असतं? उद्यापून मला कोण घेईल टोळीत?"

"बेबे, बस गाडीत. घरी जाऊ."

पोरगी क्षणभर गाडीच्या दाराकडं बघत राहिली. तिचा हात दांड्यापर्यंत गेलाही होता. मग तिनं तो मागं घेतला आणि बायांमागं पळत गेली.

बद्रीनाथनं गाडी सुरू केली. गोपिकाबाई पुन्हा पुढं बसली. पूल ओलांडून, पलीकडच्या चढावर त्यांनी बायांना गाठलं. खोकल्याचा आवाज ऐकून बाया कडेला सरकल्या, सरकायला हवं त्यापेक्षा जास्त, पार काटेरी झुडपांपर्यंत. बद्रीनाथनं गाडी जरा मंद केली. कुणी हात केला नाही. त्यानं गिअर बदलला.

जालन्यापर्यंत तो एकदाच बोलला. "तुमी यार्डात सांगून टाका. न्हाईतर उद्या मी सांगीन आन मंग त्यात मीठ-मिरची लागंल."

तिनं सांगितलं. साहेबरावानं तारा तिच्याकडून काढून घेतल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पट्टी परत आणून बसला. बेबीनंदाला तो हंगाम मिळाला नाही. कार्तिकात ती एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या गोदामात पिशव्या शिवायला लागली आणि बरेच दिवस आईशी कामापुरतं बोलली. बिरू घरात एकदाच म्हणाला, "पण सळईत तर चार सूत म्हंजी बाराच."

भुजंग मिस्त्री वीस दिवसांनी आला. तिनं खरं सांगून त्याला वाचवलं, हे त्याला कळलं होतं. तिनं आधी त्याचं नाव घेतलं होतं, हेही कळलं होतं. तो "अक्का" म्हणाला नाही, "गोपिकाबाई" म्हणाला. जुना बोल्ट पुढं केला. तिनं तारेतून तसेच काढून दिले. भुजंगनं खिशातून पात्यापात्यांचं गेज काढलं, नवंकोरं, औरंगाबादहून मागवलेलं. एकेक पातं आट्यांवर बसवून उजेडाकडं धरून तो बघू लागला. मग जाडी मोजायला व्हर्निअर काढलं. बोल्ट चार होते. पहिला पाहून झाला तसा त्यानं दुसरा घेतला.

गोपिकाबाई हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिली, त्याचे चारही बोल्ट मोजून होईपर्यंत.